करंडकांच्या हिशेबात न बसणारा चौथा पट

शाळेच्या बुद्धिबळ संघाने एखादी आंतरशालेय स्पर्धा जिंकली की त्या यशामागोमाग एक ठरावीक वाद सुरू होतो. एका बाजूला करंडक उंचावलेले छायाचित्र, प्रार्थनेनंतरचा सत्कार, वार्षिक अहवालातला एक परिच्छेद आणि त्याला हमखास जोडून येणारे ‘बुद्धिबळामुळे मुलांचे गणित सुधारते’ हे वाक्य असते. दुसऱ्या बाजूला शंकेखोर मंडळी असतात. जिंकणारी दोन मुले बाहेर खासगी प्रशिक्षण घेतात, त्यात शाळेचे कर्तृत्व ते काय, आणि बाकीच्या पंचवीस मुलांचा वेळ खर्ची घालून अभ्यासात नेमके काय साधले, असा त्यांचा सवाल असतो. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण मुळात एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे आणि त्या एकमताकडे कोणी पाहतच नाही. शाळेत बुद्धिबळ खेळले जाण्याचे समर्थन खेळाच्या बाहेरच्या कशाने तरी करायला हवे, मग तो करंडक असो की गुणपत्रिका, हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे. माझा विरोध या गृहीतकाला आहे. शाळेच्या बुद्धिबळ क्लबचे मोल त्याने जिंकलेल्या स्पर्धांवरून ठरवू नये आणि त्याच्यामुळे वाढल्याचे सांगितल्या जाणाऱ्या गुणांवरूनही ठरवू नये. किती मुले खेळायला लागली, किती टिकली आणि त्यांना खेळ किती कळला, यावरून ते ठरावे. आणि या कसोटीची खरी जागा संघाच्या पहिल्या पटावर नसून शेवटच्या पटावर आहे.

सांघिक स्पर्धेतला विजय नेमके काय मोजतो, ते आधी पाहू. बहुतेक शालेय सामने चार पटांवर होतात. सर्वांत बलवान खेळाडू पहिल्या पटावर बसतो आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे. डाव जिंकला तर एक गुण, बरोबरीला अर्धा. सामना जिंकायला चारांपैकी अडीच गुण पुरतात. म्हणजे पहिल्या दोन पटांवर पक्की तयारी असलेली दोन मुले असली, तर उरलेल्या दोघांकडून मिळून संघाला एक बरोबरी तेवढी हवी असते. अशा संघाच्या करंडकाकडे पाहून त्या शाळेत बुद्धिबळ शिकवले जाते की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. तो करंडक फार तर एवढे सांगतो की लहानपणापासून घरच्यांनी शिकवणी लावलेली दोन मुले योगायोगाने एकाच शाळेत दाखल झाली.

हे कठोर वाटेल, पण बुद्धिबळाच्या मानांकन पद्धतीनेच ते स्पष्ट करून ठेवले आहे. अर्पाद एलो यांनी तयार केलेली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये स्वीकारलेली ही पद्धत मुळात भाकीत करण्याची पद्धत आहे. दोन खेळाडूंच्या मानांकनात 200 गुणांचे अंतर असेल तर वरच्या खेळाडूने दीर्घकाळात उपलब्ध गुणांपैकी सुमारे 76 टक्के गुण मिळवावेत, 400 चे अंतर असेल तर 90 टक्क्यांहून अधिक, अशी तिची अपेक्षा असते. शालेय स्पर्धांत पहिल्या पटांवर चारशेचे अंतर ही नेहमीची बाब आहे. खेळाडूंची यादी भिंतीवर लागली की निकालाचा मोठा भाग लिहून झालेला असतो. जे आधीच ठरलेले होते त्याचे श्रेय क्लबला कसे द्यायचे? आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे, जी शाळा त्या यादीत तळाशी होती तिच्या क्लबला दोष तरी कसा द्यायचा?

याहून मूलभूत असा एक अंकगणिती मुद्दा आहे. प्रत्येक डावात एकच गुण असतो आणि तो दोघांत वाटला जातो. स्पर्धेत कितीही मुले उतरोत, दर फेरीला दर डोई सरासरी अर्धा गुणच पडणार. समजा, उद्या सगळ्या शाळांनी मनावर घेतले आणि सगळीकडे बुद्धिबळ आजच्यापेक्षा दुपटीने चांगले शिकवले जाऊ लागले. करंडक किती वाढतील? एकही नाही. शिक्षणातली इतर कोणतीही चांगली गोष्ट अशी नसते. एका शाळेतली मुले उत्तम वाचू लागली म्हणून शेजारच्या शाळेतल्या मुलांचे वाचन बिघडत नाही. जे एकाला मिळाले की दुसऱ्याला मिळूच शकत नाही, ते एखाद्या खेळाडूचे वैयक्तिक ध्येय जरूर असू शकते, पण शाळांनी आपले काम कसे चालले आहे हे त्याने मोजू नये.

आता समोरची बाजू. तिचा सर्वांत भक्कम मुद्दा तत्त्वाचा नसून व्यवहाराचा आहे. करंडक आला की क्लबला खोली मिळते, घड्याळे मिळतात, नवे संच येतात, शनिवारी शाळा उघडी ठेवायला कोणी कुरकुर करत नाही. करंडक नसलेल्या क्लबच्या शिक्षकाला प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, परीक्षानळ्यांच्या शेजारी पट मांडावे लागतात आणि वजीर हरवला तर खोडरबर उभे करून भागवावे लागते. हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा मुद्दाही खरा आहे. स्पर्धेशिवाय खेळ फुलत नाही. घड्याळ चालू असताना, समोर अनोळखी मूल असताना, हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो हा नियम अंगावर आलेला असताना जे शिकायला मिळते, ते मित्राबरोबरच्या निवांत डावात मिळत नाही. आणि तिसरे, मुलांना जिंकायचेच असते. दहा वर्षांच्या मुलाला ‘निकाल महत्त्वाचा नाही’ असे सांगणारा माणूस एकतर त्या वयात खेळलेला नसतो किंवा ते विसरलेला असतो.

तिन्ही मुद्दे मान्य करूनही मी माझ्या जागी ठाम आहे. मुलाने जिंकण्यासाठी खेळणे आणि शाळेने जिंकण्यासाठी क्लब चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाची ईर्ष्या त्या डावापुरती असते. शाळेची ईर्ष्या वेळापत्रकात उतरते आणि प्रशिक्षकाचा वेळ, बाहेरच्या स्पर्धांतल्या जागा, चांगली घड्याळे, सगळे काही वरच्या चारांकडे सरकू लागते. बाकीची मुले क्लबात असतात, पण ती वरच्यांच्या सरावाची सामग्री होतात. आणि करंडकाच्या जोरावर मिळालेली खोली करंडकाच्या जोरावरच टिकते, हे त्या व्यवहारी युक्तिवादाला झोंबणारे सत्य आहे. ती दोन मुले दहावी होऊन बाहेर पडली, पुढच्या वर्षी संघ सातवा आला, की तीच खोली शिवणवर्गाला दिली जाते. ज्या समर्थनावर क्लब उभा केला, तेच त्याला बंद करण्याचे कारण ठरते.

मोजण्यासाठी चुकीची वस्तू निवडली की काय होते, याचा धडा शिक्षणाच्या इतिहासात फार जुना आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचे सरकारी अनुदान निकालाशी बांधले गेले. निरीक्षक यायचा, वाचन, लेखन आणि अंकगणित यांत मुलांची परीक्षा घ्यायचा आणि त्यावर अनुदानाचा मोठा हिस्सा ठरायचा. हेतू वाईट नव्हता. गरीब मुलांकडे शिक्षकांचे दुर्लक्ष होऊ नये, असाच होता. घडले ते असे की जे तपासले जाणार तेवढेच शिकवले जाऊ लागले, आणि घोकंपट्टी हाच शिक्षकाचा मुख्य उद्योग झाला. स्वतः शाळा-निरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. ती पूर्णपणे जायला मात्र 1890 चे दशक उजाडले. बुद्धिबळाच्या क्लबातही घोकंपट्टीला जागा असते. सिसिलियन बचाव या डावाच्या ठरावीक सुरुवातीच्या पंधरा चाली पाठ करून आलेले मूल सोळाव्या चालीला गोंधळते, कारण आधीच्या पंधरा का केल्या हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पण पहिल्या काही फेऱ्यांत, दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, त्या पंधरा चाली गुण मिळवून देतात. करंडक हेच माप असेल तर शहाणा प्रशिक्षक हेच करणार.

करंडकाचा आधार डळमळला की समर्थक दुसऱ्या खांबाकडे वळतात. ते म्हणतात, करंडक राहू द्या, बुद्धिबळाने मेंदू तयार होतो, एकाग्रता वाढते, गणितात गुण वाढतात. या दाव्याचा वंश मोठा आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1786 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दूरदृष्टी, सावधपणा आणि घाई न करणे हे गुण बुद्धिबळाने अंगी बाणतात, असे मांडले होते. त्याच सुमारास आणि त्यानंतर शतकभर युरोप-अमेरिकेतल्या शाळांत लॅटिनबद्दल हेच सांगितले जात होते. लॅटिन कोणी बोलत नसले तरी तिच्या व्याकरणाने बुद्धीला वळण लागते, आणि मग ती बुद्धी कुठेही चालते, अशी श्रद्धा होती. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी 1901 मध्ये प्रयोगांनी दाखवले की एका कामातला सराव दुसऱ्या कामात फारच थोडा उपयोगी पडतो, आणि तोही दोन्ही कामांत समान घटक असतील तेवढाच. पुढे 1924 मध्ये थॉर्नडाइक यांनी हजारो विद्यार्थ्यांची पाहणी केली तेव्हा लॅटिन शिकणाऱ्यांना सर्वसाधारण विचारशक्तीत खास फायदा झाल्याचे दिसले नाही. आधी जी मुले हुशार होती ती लॅटिन घेत होती, आणि हुशारीचे श्रेय लॅटिनला मिळत होते.

बुद्धिबळाचे वेगळे काय? विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा 1973 चा प्रयोग या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. कसलेल्या खेळाडूला खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर तो बहुतेक मोहरे जागच्या जागी मांडून दाखवतो. पण तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, तर त्याची स्मरणशक्ती जवळजवळ नवशिक्याइतकीच उरते. त्याच्याकडे विलक्षण स्मृती नव्हती, त्याच्याकडे बुद्धिबळ होते. पटावरचीच मांडणी विस्कटली की जी शक्ती लुळी पडते, ती भागाकारापर्यंत आणि समीकरणापर्यंत चालत जाईल अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

याची थेट परीक्षाही झाली आहे. इंग्लंडमधल्या शंभर प्राथमिक शाळांत, नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर, एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशनने एक मोठी चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या शाळांत वर्षभरात सुमारे तीस तास बुद्धिबळ शिकवले गेले, बाकीच्यांत नाही. शिकवणी संपल्यावर वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली, तेव्हा दोन गटांत फरक आढळला नाही. 2016 मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. काही अभ्यासांत माफक फायदा दिसतो हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी त्याच वर्षी अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही तो दिसला. पण त्यांनीच दाखवून दिले की बहुतेक अभ्यासांत बुद्धिबळ शिकणाऱ्यांची तुलना काहीच नवे न करणाऱ्या मुलांशी केली होती. नवा खेळ, नवा शिक्षक, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे ही भावना, यांचा परिणाम कोणता आणि बुद्धिबळाचा कोणता, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

यावर नेहमी उदाहरणे पुढे येतात. जगज्जेते एमान्युएल लास्कर गणितज्ञ होते, 1935 मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या अलेखिनला हरवणारे माक्स ऑइवे गणिताचे शिक्षक होते. होते खरे. पण गणिताची आवड असलेली माणसे बुद्धिबळाकडे ओढली जातात, एवढेच त्यातून निघते. उलट दिशेचा बाण त्यात नाही. आणि विश्वनाथन आनंद वाणिज्य शाखेचे पदवीधर आहेत, त्यावरून कोणी बुद्धिबळाने हिशेबतपासणी सुधारते असा निष्कर्ष काढत नाही.

या दाव्याचा मला राग येतो तो तो खोटा ठरतो म्हणून नव्हे. तो खेळाचा अपमान करतो म्हणून. 1993 साली एका छोट्या प्रयोगात मोझार्टचे संगीत ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकृत्यांच्या एका प्रकारच्या प्रश्नांत दहा-पंधरा मिनिटे थोडी बरी कामगिरी केली. तेवढ्यावरून पाच वर्षांत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका पाठवण्यासाठी तरतूद मागितली. नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम नीट टिकला नाही. आता समजा, कोणाला संगीत ऐकण्याचे कारण ‘बुद्ध्यांक वाढतो’ हेच सांगितले असेल, तर तो परिणाम खोटा ठरल्यावर त्याने काय करावे? गाणे बंद करावे? ज्याने बुद्धिबळाचा तास गणिताच्या नावावर मागून घेतला, त्याला गणिताच्या शिक्षकाने तो परत मागितल्यावर उत्तर उरत नाही. तेवढाच तास गणितच शिकवले तर गणित जास्त सुधारेल, हे उघड आहे.

मग शाळेने बुद्धिबळाला वेळ का द्यावा? हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की शाळा ही मुलांच्या पुढच्या आयुष्याची केवळ तयारी नाही. मुले तिथे आज, आत्ता जगत असतात, आणि ते जगणे कशाने भरलेले आहे याला महत्त्व आहे. बुद्धिबळ ही माणसांनी शतकानुशतके घडवलेली, जपलेली आणि लिहून ठेवलेली एक मोठी गोष्ट आहे. चित्रकला किंवा कविता जशी मुलांच्या ओळखीची करून देतो, तशीच तीही करून द्यावी, आणि तिच्याकडून दुसऱ्या कशाची चाकरी अपेक्षू नये. 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. आज खिशातला फोनही जगज्जेत्याला सहज हरवतो. जिंकणे हेच या खेळाचे सार असते तर तो त्याच वर्षी संपला असता. प्रत्यक्षात त्यानंतर तो वाढला.

यात मुलाच्या वाट्याला काय येते ते जवळून पाहण्यासारखे आहे. स्पर्धेत प्रत्येक खेळाडू आपली आणि समोरच्याची प्रत्येक चाल कागदावर लिहितो. डाव संपला की मुलाच्या हाती दोन-अडीच तासांच्या स्वतःच्या विचारांची संपूर्ण नोंद असते. शाळेत दुसरीकडे कुठे असे होते? गणिताच्या वहीत उत्तर चुकले की लाल फुली पडते, पण चूक कोणत्या क्षणी आणि कशाच्या मोहाने झाली हे त्यात नसते. इथे ते असते. सव्विसाव्या चालीला घोडा पुढे टाकला तो समोरच्याचे प्यादे फुकट दिसले म्हणून. आणि त्याहून सुंदर प्रथा पुढे आहे: ज्याने हरवले त्याच्याबरोबरच बाजूच्या रिकाम्या पटावर तो डाव पुन्हा मांडायचा. ‘इथे मला वाटलं, तू उंट घेशील.’ ‘घेतला असता तर मागून हत्ती आला असता ना.’ पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचा पाडाव करायला निघालेली दोन मुले, कोण बरोबर यापेक्षा काय बरोबर याचा शोध घेत बसतात. यातून त्यांची सहनशीलता आयुष्यभर वाढेल, असे मी म्हणत नाही. म्हटले तर मीही नुकताच नाकारलेलाच दावा मागच्या दाराने आत आणेन. ती पंधरा मिनिटे चांगली आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता त्या चौथ्या पटाकडे वळू. अशी स्थिती कल्पा: बाकी तीन डाव संपलेले, सामना अडलेला. चौथ्या पटावरच्या मुलीकडे फक्त राजा उरला आहे, समोरच्याकडे राजा, एक उंट आणि कडेच्या स्तंभातले एक प्यादे. मोहऱ्यांची मोजदाद केली तर डाव गेला. पण त्या प्याद्याचे बढतीचे घर, म्हणजे जिथे पोहोचून ते वजीर होते ते कोपऱ्यातले घर, काळे आहे आणि उंट पांढऱ्या घरांतून चालणारा, त्या घराला कधीच न भिडणारा. अशा वेळी एकट्या राजाने तो कोपरा गाठला आणि सोडला नाही, तर जगातला कोणताही खेळाडू त्याला तिथून हुसकावू शकत नाही. फार रेटले तर राजाला शह नाही आणि हलायला घर नाही अशी अवस्था येते, आणि डाव बरोबरीत सुटतो. ही गोष्ट शिकवायला एक तास लागतो. ज्या क्लबात ती चौथ्या पटापर्यंत पोहोचली आहे तिथे बुद्धिबळ शिकवले जाते, असे मी म्हणेन. निकालाच्या तक्त्यावर मात्र त्या मुलीच्या नावापुढे अर्धा गुण दिसतो आणि छायाचित्रात ती कडेला उभी असते.

हरण्याने मुले खचतात, म्हणून स्पर्धाच नकोत, असा उलट टोकाचा आक्षेपही घेतला जातो. तो मला पटत नाही, पण त्यातल्या काळजीकडे दुर्लक्ष करवत नाही. बुद्धिबळातली हार विशेष बोचते, कारण दोष द्यायला पाऊस नसतो, पंचाचा चुकीचा निर्णय नसतो, नशिबाचे फासे नसतात. तरीही या खेळाने स्वतःच त्यावर एक उपाय शोधला आहे. 1895 मध्ये झुरिचच्या स्पर्धेत प्रथम वापरली गेलेली स्विस पद्धत कोणालाही बाद करत नाही. प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांची गाठ घालून दिली जाते. पहिल्या दोन फेऱ्या हरलेल्या मुलाची तिसऱ्या फेरीत त्याच्यासारख्याच कोणाशी तरी गाठ पडते आणि बहुधा तिथून पुढे त्याची खरी स्पर्धा सुरू होते. मूल हरल्याने खचते त्यापेक्षा, हरून बाहेर आल्यावर दारात उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचा चेहरा पाहून अधिक खचते. तो चेहरा पाडणारे कारण म्हणजे पुन्हा तोच करंडक.

शेवटचा आक्षेप प्रतिभेच्या बाजूने येतो. सगळ्यांना शिकवण्याच्या नादात असामान्य मुलाची उपेक्षा होईल, असे म्हटले जाते. असामान्यांचा इतिहास पाहिला तर ही भीती फारशी टिकत नाही. 1958 मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेल्या बॉबी फिशरने सोळाव्या वर्षी शाळाच सोडली. 1991 मध्ये त्याचा विक्रम मोडणारी यूडिट पोल्गार घरीच शिकली. अशा मुलांना शाळेच्या क्लबने घडवले नाही आणि त्याच्या अभावाने ती अडलीही नाहीत. शाळेने त्यांना रजा द्यावी, परीक्षेची तारीख बदलून द्यावी, मनापासून अभिनंदन करावे. त्यांच्या यशावर आपली पाटी लावू नये, एवढेच.

आणि ज्या देशाने खरोखर ठरवून विजेते घडवले, त्याने सुरुवात वरून केली नव्हती. सोव्हिएत संघात 1924 पासून निकोलाय क्रिलेंको यांच्या नेतृत्वाखाली बुद्धिबळ कारखान्यांत, सैन्यात, शाळांत आणि मुलांच्या पायोनियर केंद्रांत नेले गेले. पुढे जगज्जेता झालेला बोरिस स्पास्की युद्धानंतरच्या लेनिनग्राडमध्ये अशाच एका केंद्रात घडला. 1948 पासून 1972 पर्यंत जगज्जेतेपद त्या देशाबाहेर गेले नाही. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. विजयांचा वापर ती राज्याच्या बडेजावासाठी करत होती, आणि क्रिलेंको यांना त्याच राज्याने 1938 मध्ये गोळ्या घातल्या. पण शिखर उंच हवे तर पाया रुंद लागतो, हे तिला कळले होते, आणि करंडकांच्या मागे लागलेल्या शाळांना नेमके तेच कळत नाही. ज्या क्लबात वरची चारच मुले नीट खेळतात, तिथल्या पहिल्या पटावरच्या मुलालाही सरावाला जोडीदार मिळत नाही.

रुंद पाया हा न्यायाचाही प्रश्न आहे. बुद्धिबळाचा संच स्वस्त असतो, पण प्रशिक्षण, प्रवास आणि प्रवेशशुल्क स्वस्त नसते. घरी कोणाला खेळता येत असेल, शिकवणी परवडत असेल, तर मूल शाळेच्या क्लबवाचूनही बुद्धिबळापर्यंत पोहोचते. ज्याच्या घरी पट नाही, त्याच्यासाठी शाळेतला तो शनिवार हे एकमेव दार असते, आणि करंडकाच्या मागे लागलेला क्लब नेमके तेच दार अरुंद करतो. आर्मेनियाने 2011 मध्ये प्राथमिक शाळेतल्या दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी बुद्धिबळ सक्तीचे केले. सक्ती मला रुचत नाही, पण कोणाच्या घरात पट आहे हे न पाहता प्रत्येक मुलासमोर तो मांडायचा, ही त्यामागची भूमिका योग्य आहे. जर्मनीतल्या श्ट्रोबेक गावाने तर 1823 मध्येच बुद्धिबळ हा शाळेतला विषय केला. ते गाव आज ओळखले जाते ते तिथे सगळेच खेळतात म्हणून.

तेव्हा वार्षिक अहवालात क्लबविषयी काही लिहायचेच असेल, तर जूनमध्ये किती मुले आली आणि मार्चमध्ये त्यांतली किती उरली, हे लिहावे. त्यांत मुली किती होत्या, हे वेगळे लिहावे, कारण जगातल्या ग्रँडमास्टरांत स्त्रिया शंभरात दोन-तीनच्या आसपास आहेत आणि ती गळती बाराव्या-तेराव्या वर्षीच्या वर्गखोल्यांतूनच वर जाते. अव्वल चौघांखेरीज किती मुलांना वर्षभरात एकदा तरी बाहेरच्या स्पर्धेत बसायला मिळाले, हे लिहावे. दुसरा आणि तिसरा संघ उतरवला का, तो शेवटून दुसरा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उतरवणार का, याचे उत्तर द्यावे. संस्थाचालकांना हे आकडे करंडकाइतके चमकदार वाटणार नाहीत हे खरे, पण ते दरवर्षी वाढवता येतात आणि त्यासाठी शेजारच्या शाळेला हरवावे लागत नाही. करंडक जिंकला असेल तर तोही जरूर लिहावा, त्याच परिच्छेदात, खाली.